बिंदू क्रमांक चौदा येथील चार मीटर वीस सेंटिमीटर खोली रद्द करण्याबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक साहेब,
जलाशय व बांध विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

मार्फत : योग्य मार्गाने पाठवावयास हवा होता, तथापि योग्य मार्गावरील टेबल एप्रिलपासून रिकामे असल्याने थेट.

अर्जदार : खोली मोजणीदार, तळे उपकार्यालय (बांधावरील पत्र्याचे शेड).

विषय : बिंदू क्रमांक चौदा येथील पाण्याची खोली ४.२० मीटर ही नोंद रद्द करून दि. १५ ऑक्टोबर रोजीचा सूर मारण्याचा कार्यक्रम त्या ठिकाणी होऊ न देण्याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ३ जून, २ जुलै व २१ ऑगस्ट.
२) आपली उत्तरे दि. २८ जून व ३० सप्टेंबर.
३) पडताळणी पथकाचा अहवाल दि. १९ ऑगस्ट.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, या विषयावरचा हा माझा चौथा अर्ज आहे. आधीचे तीन मी एकेका पानात बसवले होते, कारण एका पानाहून मोठा अर्ज वाचला जात नाही, असे आपल्या कार्यालयातील आवक लिपिकांनी मला प्रेमाने सांगितले होते. एका पानाचे तिन्ही अर्ज वाचले गेले की नाही, हे मला कळलेले नाही. उत्तरे मात्र आली. कार्यक्रमाला आता सहा दिवस उरले आहेत आणि लहान लिहिण्याचे त्राण माझ्यात राहिलेले नाही, म्हणून हा अर्ज मोठा होत आहे.

१. मी या तळ्यावर बावीस वर्षे खोली मोजणीदार आहे. तळ्यात एकतीस ठिकाणे ठरलेली आहेत, त्यांना बिंदू म्हणतात. दर मार्चमध्ये मी व नावाडी होडीतून प्रत्येक बिंदूवर जातो, दोरीला बांधलेले शिसे पाण्यात सोडतो, ते तळाला टेकले की पाण्याच्या पातळीशी दोरी चिमटीत धरून वर ओढतो, तिथली खूण वाचतो आणि आकडा तक्त्यात भरतो. तक्त्याखाली माझी सही असते. काम एवढेच आहे. सांगायला गेले तर दोन मिनिटांत संपते, करायला गेले तर त्यात केस पांढरे झाले.

२. सदर शिसे सात किलोचे असून खालून टोकदार आहे. ते टोकदार का आहे, हे आज कोणालाच ठाऊक नाही. तळे नवे होते तेव्हा तळ दगडी होता, त्यामुळे टोक असले काय आणि नसले काय, सारखेच. पुढे उत्तरेकडचा ओढा दर पावसात माती आणू लागला आणि तळावर गाळ बसू लागला. हा गाळ घट्ट चिखल नव्हे. पाण्यात विसरलेल्या साबणाचा जसा लगदा होतो, तसा तो आहे. टोकदार शिसे त्यातून सरळ खाली उतरते आणि जुन्या दगडी तळावर जाऊन टेकते. त्यामुळे गाळ कितीही साचला तरी शिशाच्या मते तळे पूर्वीइतकेच खोल राहते. दोरी वर ओढली की खरी गोष्ट डोळ्यांना दिसते. वरचा थोडा भाग नुसता ओला, खालचा सगळा काळा. ओला भाग म्हणजे पाणी, काळा भाग म्हणजे गाळ. परंतु मोजणी नियमावलीतील नियम सात असा आहे : 'वाचन घेण्यापूर्वी दोरी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून घ्यावी.' त्यासाठी कार्यालयाकडून दरवर्षी दोन फडकी मिळतात. बावीस वर्षांत मी चव्वेचाळीस फडकी काळी केली आहेत.

३. मला हे कळत नव्हते असे नाही. दुसऱ्याच वर्षी कळले. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते थोरले मोजणीदार तेव्हा निवृत्तीला आले होते. मी त्यांना काळी दोरी दाखवली. ते म्हणाले, "शिसं सांगेल ते लिहायचं. आपण शिशापेक्षा शहाणं व्हायचं नाही." मी नवा होतो, घरात तोंडे वाढत होती, मी शहाणा झालो नाही. तथापि मनाला चैन पडेना, म्हणून घरून एका पातेल्याचे झाकण आणले. त्याची मूठ तुटलेली होती, त्या भोकातून दोरी ओवली आणि कडेला तीन नट बांधले, म्हणजे ते पाण्यात तिरपे न जाता सपाट उतरते. झाकण हलके व पसरट असल्याने गाळात शिरत नाही, गाळाच्या पाठीवर टेकते. तेव्हापासून गेली वीस वर्षे मी प्रत्येक बिंदूवर दोनदा मोजतो. एकदा शिशाने, कार्यालयासाठी. एकदा झाकणाने, माझ्या वहीसाठी. (माझी पत्नी म्हणते, "झाकण तळ्यात आणि पातेलं उघडं, असा संसार केला मी." हे विषयाला धरून नाही, पण वहीला साक्षीदार मागितला तर तीच एक आहे.)

बिंदू क्रमांक चौदावर शिशाने खोली ४.२० मीटर भरते. झाकणाने ९२ सेंटिमीटर भरते. मधला फरक गाळाचा आहे. बिंदू क्रमांक नऊवर तर बगळे उभे राहतात, जिथे तक्त्यात अडीच मीटर पाणी आहे. एवढ्या उंच बगळ्यांबाबत आजवर कोणत्याही साहेबांनी खुलासा मागितलेला नाही.

४. मग इतकी वर्षे गप्प का राहिलो, असे आपण विचाराल. आपण विचारलेले नाही, पण मी स्वतःला विचारतो. पहिली काही वर्षे भीती होती. नंतर असे वाटू लागले की, तक्ता कपाटात जातो, कपाटाला कुलूप लागते, त्यात कोणाचे काय अडते? मासे तक्ता पाहून पोहत नाहीत. नावाड्याला सगळे तळे तळहातासारखे ठाऊक. बाहेरचे कोणी पाण्यात उतरत नव्हते. चुकीचा आकडा एकदा लिहिताना हात थबकतो, तिसऱ्यांदा लिहिताना थबकत नाही, आणि दहाव्या वर्षी तोच आकडा ओळखीचा वाटू लागतो. मला याची लाज वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे.

५. यंदा मे महिन्यात आपल्या विभागाने बांधाच्या कठड्यावर सूर मारण्यासाठी पाच मीटर उंचीचा मनोरा उभारण्याचे ठरवले. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे अशा मनोऱ्याखाली किमान चार मीटर पाणी लागते. कपाटाचे कुलूप उघडले गेले, माझा तक्ता बाहेर आला, आणि काठाजवळ व प्रेक्षकांच्या पायऱ्यांसमोर चार मीटरहून जास्त खोल असलेला एकच बिंदू त्यात सापडला. तो चौदा. पाणी गढूळ आहे, कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत, त्यामुळे वरून पाहणाऱ्यास काहीच कळण्याचा मार्ग नाही. आराखड्याच्या कोपऱ्यात 'खोली : मोजणीदाराच्या तक्त्यानुसार' असे छापलेले आहे.

उद्घाटनाला पहिला सूर मारण्यासाठी शाळांतून सहा मुली निवडल्या गेल्या. यादीत पहिले नाव माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे आहे. ती चौदा वर्षांची आहे. निवड झाल्याच्या दिवशी ती धावत माझ्या शेडवर आली आणि म्हणाली, "मामा, खालचं सगळं तू मोजलंयस ना? मग मी डोळे मिटून मारीन!" मी तिला पाणी दिले आणि पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ जूनला, पहिला अर्ज लिहिला.

यापुढे परिच्छेदांना क्रमांक देत नाही. क्रमांक दिले की आपल्या कार्यालयाकडून क्रमांकवार उत्तर येते, आणि जो क्रमांक अवघड असतो तो मध्येच गळतो.

माझ्या पहिल्या अर्जावर आपले उत्तर आले की, 'झाकण हे मान्यताप्राप्त साधन नसल्याने त्याद्वारे घेतलेली खोली विचारात घेता येत नाही.' मी दुसरा अर्ज करून विनंती केली की, मग मान्यताप्राप्त साधनाने आपणच येऊन पाहावे. त्याप्रमाणे ऑगस्टमध्ये तीन साहेबांचे पडताळणी पथक आले. त्यांनी नवे शिसे आणले होते. तेही टोकदार होते. मी हात जोडून म्हटले की, कृपा करून दोरी पुसू नका, एकदा नुसती बघा. मोठे साहेब बघायला वाकलेही होते. तेवढ्यात त्यांच्या सहायकाने नियम सात वाचून दाखवला आणि फडके काढले. सगळी दोरी पांढरीशुभ्र झाली. वाचन ४.२१ आले. अहवालात असे नमूद आहे की, खोली एक सेंटिमीटरने वाढलेली असून अर्जदाराची भीती निराधार आहे.

त्याच वेळी पथकातल्या सर्वांत तरुण साहेबांनी एक रास्त प्रश्न विचारला. ते म्हणाले, "समजा असला गाळ, तर तो मऊच ना? मऊ गादीवर पडल्यासारखं होईल." याचे उत्तर नावाड्याने दिले. दोन वर्षांपूर्वी बिंदू क्रमांक बारावर होडी कलंडली आणि तो उभाच्या उभा गाळात गेला होता. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो. "साहेब, गादीवर पडलं की माणूस उठतो. तिथं पायाखाली काही लागेना आणि पाय वर काढावा तर सोडेना. मी धडपडलो तसा आणखी खाली गेलो. यांनी दोर टाकला म्हणून आज बोलतोय. आणि मी पायांनी गेलो होतो. ही पोरं डोक्यानं जाणार." अहवालात हे आलेले नाही. मात्र त्या वेळी नावाड्याचे रबरी बूट गाळात राहिले होते, ते हरवल्याची नोंद कार्यालयाच्या दप्तरी आहे. म्हणजे बूट किती खोल गेले याचा पुरावा कार्यालयाकडेच आहे, फक्त तो साहित्य नोंदवहीत आहे.

तिसऱ्या अर्जाचे उत्तर ३० सप्टेंबरला मिळाले. तक्त्यातील आकडा फक्त मार्चच्या वार्षिक मोजणीतच बदलता येतो, तरी अर्जदाराने मार्चमध्ये पुन्हा अर्ज करावा, असे त्यात लिहिले आहे. मार्च कार्यक्रमानंतर येतो, हे मी आपल्या नजरेस आणू इच्छितो.

दरम्यान मी इतर वाटाही चोखाळल्या. मुलींच्या प्रशिक्षकांना भेटलो. माणूस चांगला आहे. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, चहा पाजला आणि म्हणाले, "काका, तुमचं पटतंय हो. पण माझ्याकडे तुमच्याच सहीचा कागद आहे. त्याच्यावर साहेबांच्या सहीचा दुसरा कागद आणा, मी त्याच क्षणी मुली परत नेतो." पुढे मी मनोऱ्याखाली 'येथे पाणी कमी आहे' अशी पाटी लावली. ती दुसऱ्या दिवशी काढण्यात आली आणि विनापरवानगी पाटी लावल्याबद्दल मला खुलासा विचारण्यात आला. खुलाशात मी, येथे पाणी कमी आहे, एवढेच लिहिले. तो असमाधानकारक ठरला.

बहिणीला सांगणे सर्वांत जड गेले. ती भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दादा, मग इतकी वर्षं तू लिहीत काय होतास?" ती व्यवहारी आहे. तिने रडणे-भांडणे केले नाही, उठून ओळखीच्या डॉक्टरांकडे गेली. भाचीला ताप असल्याचे प्रमाणपत्र आज तयार आहे. प्रत्यक्ष ताप १४ तारखेला संध्याकाळी येणार आहे. भाचीला हे कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिला वाटते, मामाने आपली संधी घालवली. समोर आली तरी मान वळवून जाते. बावीस वर्षांच्या नोकरीत मला मेमो पुष्कळ आले, पण एवढे कशानेच लागले नाही.

बहीण म्हणते, "आपली सुटली ना, आता तू गप बस. नोकरीची तीन वर्षं राहिलीत." मीही दोन दिवस तसाच विचार केला, खोटे कशाला सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची. परंतु भाची गेली म्हणजे यादीतली दुसरी मुलगी पहिली होते. मी चौकशी केली नाही, तिला पाहिलेही नाही. तिच्या मामांचा काय व्यवसाय आहे, मला ठाऊक नाही. कोणी तरी तिलाही सांगितलेच असेल की, काळजी करू नकोस, खालचे सगळे मोजलेले आहे. ते मोजलेले माझेच आहे.

तरी साहेबांना नम्र विनंती की, पुढीलपैकी जे काही आपल्या अधिकारात बसेल ते करावे. बिंदू चौदाची नोंद रद्द करावी. ते मार्चशिवाय जमत नसेल तर कार्यक्रम मार्चपर्यंत पुढे न्यावा. तेही जमत नसेल तर फीत कापावी, भाषणे करावीत, हवी तितकी लांबवावीत, मात्र सूर कोणालाही मारू देऊ नये. आणि हे सगळेच अशक्य असेल तर निदान प्रशिक्षकांच्या नावे एका ओळीचा कागद द्यावा. मजकूर मी लिहून आणतो, आपण फक्त सही करावी. बावीस वर्षे खोटा तक्ता सादर केल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती जरूर व्हावी, मी हरकत घेणार नाही. मात्र कारवाईस नियमाप्रमाणे तीन महिने लागतात आणि कार्यक्रमास सहा दिवस आहेत, म्हणून आधी कार्यक्रमाचे पाहावे आणि मग माझे. वहीच्या वीस पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपल्याकडून १४ तारखेच्या कार्यालयीन वेळेपर्यंत काहीच आले नाही तर मी काय करणार आहे, हे आधीच कळवणे कर्मचारी म्हणून माझे कर्तव्य आहे. शेडमध्ये एक मोडीत निघालेली लोखंडी खुर्ची आहे व मागे एक जुने दार पडलेले आहे. गेल्या रविवारी मी व नावाड्याने ते दार दगड बांधून बिंदू क्रमांक चौदावर बुडवले आणि खुर्चीचे पाय त्याला तारेने पक्के बांधले. दार रुंद असल्याने चार बोटे रुतून थांबले. मी होडीतून उतरून खुर्चीवर बसून पाहिले. पाणी खांद्यांपर्यंत आले. अर्धा तास बसलो, आणखी रुतलो नाही. नावाडी सारखा म्हणत होता, "बास झालं, चला वर." पावसाळा नुकताच सरल्याने पाणी गार होते, तेवढीच अडचण.

१५ तारखेला सकाळी सात वाजल्यापासून मी त्या खुर्चीवर बसलेला असेन. मनोऱ्याच्या बरोबर खाली माणूस बसलेला असताना प्रशिक्षक मुलीला शिटी देणार नाहीत, एवढी मला त्यांची खात्री आहे. मला उठवण्यासाठी कोणाला पाठवायचे असल्यास त्यांना कृपया होडीतून पाठवावे, चालत पाठवू नये. आपण व पाहुणे मनोऱ्यासमोरच्या पायऱ्यांवर असाल, तेथून माझे डोके सर्वांना स्पष्ट दिसेल. मी सही केलेल्या तक्त्याप्रमाणे त्या जागी बसलेल्या माणसाचे डोके जवळजवळ तीन मीटर पाण्याखाली असायला हवे. ते तसे नसल्याची पडताळणी आपण कोणत्याही साधनाशिवाय करू शकाल.

मला पोहता येत नाही, याचीही नोंद घ्यावी.

आपला नम्र व त्या सकाळी जागेवर हजर असणारा,

(सही)
खोली मोजणीदार,
तळे उपकार्यालय

दिनांक : ९ ऑक्टोबर